सातव्या गोळ्याची ऊब

या, असे जवळ सरका. दार लोटून घ्या, वारा आत येतोय. जपमाळ हातात असली तर असू द्या हातातच, गोष्ट हाताचीच आहे. इथे दिजाँ शहरात, आमच्याच गल्लीत, हातमोजे शिवणारी एक बाई होती. फिलिबेर्त तिचं नाव. आपली ही पृथ्वी सूर्याच्या अंगावरून कधी सांडली आणि निवायला तिला किती वर्षं लागली, हे एका शहाण्या माणसाने त्या बाईच्या तळहातावर मोजलं होतं. हसू नका. सगळं ऐकून घ्या, मग हसायचं तर हसा. शेवटी मी एक मागणं मागणार आहे, ते लहानसंच आहे.

उपासाचे दिवस होते, दुसरा शुक्रवार. दुपारचं प्रवचन ऐकायला फिलिबेर्त देवळात शिरली आणि सवयीने तिने दाराजवळच्या पवित्र पाण्याच्या दगडी पात्रात उजव्या हाताची बोटं बुडवली. बाहेर गटारं गोठली होती. पात्राच्या काठाला बर्फाची पापडी धरली होती, ती तिच्या नखाला टोचलीसुद्धा. पण खालचं पाणी कोमट लागलं. कुणी गरम पाणी ओतलंय, तसं नाही. आत्ता, या क्षणी, पात्रातून कुणीतरी आपला हात काढून घेतलाय आणि त्या हाताची ऊब तेवढी मागे राहिलीय, तसं. तिने कपाळाला बोटं लावून क्रूसाची खूण केली. कपाळावर तो ओलावा सुकेना. मागून तिची मुलगी एदमे येत होती, सतरा वर्षांची, जिभेने तिखट. फिलिबेर्तने तिला हळूच विचारलं, "पाणी कसं लागलं गं?" "कसं म्हणजे? बर्फ! बोटं गळून पडतील आता, मग शिव तू एकटीच मोजे," एदमे म्हणाली आणि हात काखेत घालून पुढे गेली. त्या दिवशी प्रवचनाला एक अनवाणी साधू आला होता. तो अर्धं बोलायचा आणि अर्धं गायचा, आणि गायला लागला की दगडी खांबसुद्धा पुढे झुकून ऐकताहेत असं वाटायचं. ज्या शिष्याला येशूच्या जखमेत बोट घातल्याशिवाय विश्वास बसेना त्याची कथा त्याने लावली होती. "हात लाव, बाळा, हात लाव, डोळे फसतील, कान फसतील," असं तो पुन्हा पुन्हा आळवत होता. एरवी अशा आळवणीने फिलिबेर्तचा ऊर भरून यायचा. आज ती आपल्या उजव्या तळव्याकडे बघत बसली. तळवा मांडीवर उताणा पडला होता, जसं काही तो तिचा नव्हताच, कुणीतरी तिच्यापाशी ठेवायला दिला होता.

घरी आली तर दाराची कडी कोमट. कात्री कोमट. विहिरीच्या काठाचा दगड, ज्यावर सकाळी सांडलेलं पाणी काचेसारखं गोठलं होतं, तोही. डाव्या हाताला सगळं गार लागत होतं, फक्त उजव्याला नाही. आणि ती ऊब तिच्या ओळखीची होती. अनोळखी गोष्टीला माणूस घाबरतं आणि विसरून जातं. ही ऊब तिने बारा वर्षांपूर्वी एका तळघरात, एका लोखंडी गोळ्यावर सोडून दिली होती. खोटा शब्द बोलून सोडून दिली होती. बारा वर्षं ती ऊब कुठे होती? कुणाच्या दारात बसून होती? वहीत जिला "संपली" म्हणून लिहिलं, ती खरोखर संपलेली नसेल तर जाते कुठे?

गल्लीच्या टोकाच्या मोठ्या घरात मोस्यू द व्हेर्नुआ राहायचे. न्यायालयातली पिढीजात खुर्ची भावाला देऊन टाकून ते आकाशाच्या नादी लागले होते. वरच्या खोऱ्यातल्या एका थोर गृहस्थांनी म्हणे पृथ्वीचं वय काढलं होतं, लोखंडाचे गोळे पांढरे होईपर्यंत तापवून आणि ते किती वेळाने निवतात ते पाहून. यांना ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. अंगणात भट्टी उभी राहिली. गल्लीत चर्चा झाली की मोस्यू तोफगोळे भाजताहेत, भावाशी लढाई जुंपणार. मापाने चढत जाणारे सात गोळे ओतून घेतले होते, सगळ्यात लहान जर्दाळूएवढा आणि सातवा लेकराच्या डोक्याएवढा; आणि प्रत्येकाला एकेक जुळा, जो कधीच तापवायचा नाही. काचेच्या नळीतल्या पाऱ्यावर मोस्यूंचा भरवसा नव्हता. "नळी खोटं बोलते," ते म्हणायचे, "बाईचा तळवा बोलत नाही." म्हणून मऊ हाताची बाई हवी होती. पांढऱ्या कातड्यावर डाग पडू नये म्हणून मोजे शिवणाऱ्या बायका हाताला बदामाचा कोंडा चोळतात, त्यामुळे मऊ हात आमच्याच गल्लीत मिळायचे. फिलिबेर्तची निवड झाली. तेव्हापासून तिला धुणं-भांडी बंद. तिची धाकटी बहीण युगेत बादली उचलता उचलता टोमणे मारायची, "बसा, राणीसाहेब, बसा! तुमच्या हातावर सूर्याचं ओझं आहे. आमच्या हातावर नुसत्या बादल्या."

सूर्याचं ओझं ही काही थट्टा नव्हती. मोस्यूंनी पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात तिला समजावलं होतं. कढल्यात मेण वितळलं होतं. त्यांनी चमच्याने त्याला तिरका फटका मारला आणि मेणाचे थेंब उडून फरशीवर पडले, सगळे एकाच अंगाला. "बघ. हा सूर्य. हा चमचा म्हणजे धूमकेतू. कधीकाळी तो सूर्याला असा घासून गेला. जे सांडलं ते आपण. गुरू, शनी, मंगळ, आपण, सगळे थेंब एकाच दिशेने पळताहेत, ते का उगाच? एकाच फटक्याने उडालेत म्हणून. आणि उडाले तेव्हा पेटलेले होते. मग निवत गेले." फिलिबेर्तने क्रूसाची खूण केली आणि विचारलं, "मग यात देव कुठे, मालक?" मोस्यू हसले. "चमचा त्यानेच मारला म्हण ना." हे उत्तर तिला आवडलं होतं, आणि आपल्याला आवडलं म्हणून तिने पाद्रीबाबांना सांगून टाकलं होतं. पाद्रीबाबांना ते आवडलं नव्हतं. पण फरशीवरचे ते थेंब मात्र ती विसरली नाही. पडताना ते पारदर्शक होते, आणि तिच्या डोळ्यांदेखत कडेपासून आत पांढरे होत गेले. सगळ्यात बारका थेंब सगळ्यात आधी.

तळघर वर्षभर सारखंच गार असे. मध्ये एक तिपाई, तिच्यावर फिलिबेर्त. उजवीकडे लोखंडी तिवईवर भट्टीतून आणलेला गोळा, डावीकडे त्याचा न तापलेला जुळा. भिंतीशी लोलक टिकटिकत असे आणि त्याच्यापाशी मोस्यूंचा कारकून बेनिञ वही घेऊन बसे. हा बेनिञ शिंकला तरी परवानगी मागून शिंकायचा. फिलिबेर्तने दोनच शब्द बोलायचे होते. तापलेला गोळा हातात सहन होऊ लागला की म्हणायचं, "धरवतं." मग पुष्कळ वेळाने, डाव्या आणि उजव्या तळव्यात काहीच फरक उरला नाही की म्हणायचं, "सारखं." बस्स. बाकी बोलायचं नाही, हात दुसरीकडे लावायचा नाही, उठायचं नाही. पहिला शब्द सोपा होता, तो कातडीच बोलायची. दुसरा अवघड. डोळे मिटून ती बसायची, आणि उजव्या हातातली ऊब पाऊल न वाजवता खोली सोडून जाणाऱ्या माणसासारखी जात राहायची. गेली का? नाही, उंबऱ्यात आहे. गेली का? आत्ता गेली. "सारखं." आणि तो शब्द उच्चारताना दर वेळी तिला वाटायचं, आपण कुणाच्या तरी मृत्यूची वेळ सांगतोय. जर्दाळूएवढ्या गोळ्याला सकाळ संपायच्या आत मरण यायचं. मोठ्यांना जास्त वेळ. "लहान ते आधी," मोस्यू वहीत बोट फिरवत म्हणायचे, "म्हणून चंद्र कधीच गोठला. आपण अजून आहोत. पण आपणही जाणार हो. वरून बर्फ येईल, खाली येईल, शेवटी इथे, या तळघरात येईल." हे सांगताना ते शालीत आखडून बसायचे. त्यांना थंडीची भारी भीती होती.

सातव्या गोळ्याची पाळी आली तेव्हा फिलिबेर्तची धाकटी निसेत चौदा महिन्यांची होती. तिला दोन दिवस ताप होता. पहाटे गोळा भट्टीतून निघाला. तेव्हाही फिलिबेर्तला जायचं नव्हतं, पण एवढा मोठा गोळा तापवायला रात्रभर कोळसा जळाला होता, आणि युगेत म्हणाली, "जा, मी आहे ना. लेकरांना ताप येतात नि जातात." दुपारी "धरवतं" झालं. मग ती डोळे मिटून बसली. दोन वाजले असतील, तळघराच्या दारावर थाप पडली. एकच. आणि दाराआडून युगेतचा आवाज आला, ओरडून नव्हे, अगदी साधा, "ताई, ये." त्या साधेपणानेच फिलिबेर्तला सगळं कळलं. उजव्या तळव्याखाली गोळा चांगला उबदार होता. झोपलेल्या मांजरीच्या पोटाएवढा उबदार. अजून तीनचार तास तरी होते. बेनिञने मान वर केली. मोस्यूंनी तिच्याकडे पाहिलं. नियम होता, उठायचं नाही. आणि ती म्हणाली, "सारखं."

बेनिञच्या टाकाची कुरकुर ऐकू आली. ती जिना चढून पळाली.

पुढचा तास तिचा होता. त्या तासाबद्दल ती कुणाशी कधीच बोलली नाही, नवऱ्याशीही नाही. आणि नवरा पुढे दोन वर्षांत गेलाच. निसेत मांडीवर होती, तापाने फुललेली. तिने आईचं बोट धरलं, उजव्या हाताचं, आणि सोडलं नाही. एकदा ती हसल्यासारखी झाली. फिलिबेर्त गुणगुणत राहिली, नाताळात आमच्याकडे गोठ्यातल्या बाळाला गातात तसल्या चालीवर आपलेच शब्द लावून: माझा थेंब, माझा दिवा, माझ्या खिशातला सूर्य. मग बोटावरची पकड सुटली. पाच वर्षांची एदमे कोपऱ्यात लाकडाची बाहुली घेऊन बसली होती, ती म्हणाली, "झोपली." आणि तेव्हा, देवा, तेव्हा त्या शिकवलेल्या हाताने आपलं काम सुरू केलं. फिलिबेर्तने तळवा निसेतच्या कपाळावर ठेवला होता तो निरोपासाठी, मायेने. पण तळवा मोजू लागला. ताप उतरला. मग माणसाची ऊब उतरली. डावा हात पाळण्याच्या लाकडावर होता. उजवीकडची ऊब पाऊल न वाजवता चालली होती. उंबऱ्यात आहे. उंबऱ्यात आहे. लहान ते आधी, लहान ते आधी. आपल्या तोंडात तो शब्द येऊन बसलाय हे तिला कळलं, दातांच्या मागे, जड, लोखंडाचा. तिने ओठ घट्ट मिटले. युगेत म्हणाली, "ताई, आता ठेव तिला. गार झाली गं ती." फिलिबेर्तने मान हलवली, आणि हात काढून घेतला, वेळेच्या आधी, तो शब्द येण्याच्या आधी. लोखंडाला तिने खोटं "सारखं" म्हटलं. पोरीला खरं "सारखं" म्हणायचं राहिलं ते राहिलंच.

बारा वर्षं हे सगळं खाली गेलं होतं. ती मोजे शिवत होती, एदमेला शिकवत होती, रविवारी मसाल्याची गोड पोळी आणत होती. संध्याकाळी चंद्र निघाला की मात्र ती खिडकीचा पडदा ओढून घ्यायची. चंद्राचं ऊन डोळ्यांना खुपतं म्हणायची आणि एदमे हसायची. आता ते वर आलं होतं, पात्रातल्या पाण्यातून. आणि रविवारी त्याला लोकांनी पाहिलं.

समोरच्या घरातली पेर्नेतआजी आदल्या दिवशी गेली होती. आमच्या रिवाजाप्रमाणे गल्लीतल्या बायका तिला सजवायला जमल्या. हातात मोजे चढवायचं काम फिलिबेर्तचं, दुसरं कोण करणार? तिने म्हातारीचा पंजा उजव्या हातात घेतला आणि ती थबकली. पंजा उबदार होता. भट्टीजवळ बसून उठलेल्या माणसाचा असतो तसा. "थांबा," ती म्हणाली, "ही आहे. ही अजून आहे." कुणीतरी पीस आणून म्हातारीच्या नाकाशी धरलं. पीस हललं नाही. आरसा धरला. आरसा कोरडा. "फिलिबेर्त, अगं काल सकाळची गेलीय ती," एकजण म्हणाली. "पण हात बघा ना! हात!" तिचा आवाज चढला. म्हातारीची सून रडायची थांबली होती आणि वेडी आशा तिच्या तोंडावर आली होती, आणि ते पाहवत नव्हतं. शेवटी एदमे पुढे आली. आईची बोटं तिने एकेक करून सोडवली. "आई, हात काढ. लाकूड झालीय ती. चल." सून मटकन खाली बसली आणि म्हणाली, "असली थट्टा करतात का, ताई?"

त्या दिवसापासून गल्लीतल्या बायका तिला वाट देताना जरा जास्तच वाट देऊ लागल्या. एदमे जेवताना आईच्या हाताकडे चोरून बघे. एकदा तिने सरळच विचारलं, "आई, तुला आतून काही होतंय का? वैद्याला बोलवू?" "वैद्य काय करणार?" "मग पाद्रीबाबांना सांग." "पाद्रीबाबांशी मी खोटं बोलले नाही," फिलिबेर्त म्हणाली. "मग कुणाशी बोललीस?" फिलिबेर्त ताटं उचलू लागली. जिच्याशी आपण खोटं बोललो ती एक वही आहे, हे लेकीला कसं सांगायचं? आणि खरं सांगून टाकलं, तर तो तास परत द्यावा लागेल, असं तिला आतून वाटत होतं. खोट्याने घेतलेला तास. कुणीतरी येईल आणि मांडीवरून ते पकडलेलं बोट, ते हसल्यासारखं हसू उचलून घेऊन जाईल, आणि मग ती तळघरात नियमाने बसून राहिली होती असंच खरं ठरेल, निसेत तिच्यावाचून गेली असंच खरं ठरेल. वेडेपणा होता. पण तिच्या शेजारी रोज ती ऊब बसत होती, तिला वेडेपणा कसा म्हणायचा?

त्या शुक्रवारनंतर बाराव्या दिवशी, बुधवारी सकाळी, बेनिञ दारात उभा राहिला. आता तो पुरता म्हातारा झाला होता. "आत येऊ का?" "आलाच आहात की." "मालकांचं काही खरं नाही. दोन दिवस, फार तर तीन. त्यांनी तुला बोलावलंय." "मला? कशाला?" "म्हणाले, फिलिबेर्तला आण, आणि विसरू नकोस, तिचा उजवा हातही आण." तो स्वतःच्याच बोलण्यावर हसला आणि लगेच ओशाळला. "पुस्तक पुरं होत आलंय बघ. सातव्या गोळ्याचं पान तेवढं त्यांनी उघडं ठेवलंय." फिलिबेर्तने हातातली सुई कातड्यात खोचली. एदमे उठून उभी राहिली. "मीपण येते." "तू कशाला?" "कारण तुझं तोंड असं झालंय म्हणून."

मोस्यूंच्या खोलीत शेकोटी पेटली होती, तीन पांघरुणं होती, आणि त्यांच्यात मोस्यू इतके बारीक झाले होते की उशीवर नुसतं नाक राहिल्यासारखं वाटे. पलंगाशेजारच्या मेजावर तळघरातून आणलेले दोन गोळे ठेवले होते. लेकराच्या डोक्याएवढे. सातवा आणि त्याचा जुळा. फिलिबेर्तने दुसरीकडे नजर वळवली. "ये," मोस्यू म्हणाले. "अजून बदामाचा कोंडा लावतेस का?" "लावते, मालक." "छान. बस. ही कोण?" "माझी एदमे." "हिचा हातही मऊ असेल. पण हिला कामाला लावणार नाही, घाबरू नकोस. निवण्याची पाळी आता माझी आहे. मलाच मोजायचं उरलंय." तेच तेवढे हसले.

मग फिलिबेर्त बोलली. बसली नाही, उभ्याउभ्याच बोलली, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबली नाही. "मालक, सातवा गोळा सारखा झाला नव्हता. मी खोटं बोलले. चांगला उबदार होता. माझी पोर जात होती. तुम्ही त्याच्यावरून जगाचं वय लिहिलंत, ते चुकलंय, ते माझ्यामुळे चुकलंय. आणि ती राहिलेली ऊब मला सोडत नाही. देवळातल्या पाण्यात आहे, कात्रीत आहे, मेलेल्या म्हातारीच्या हातात होती. ती परत घ्या. पुस्तकात खरं काय ते लिहा, पण तो तास..." तिचा श्वास संपला. "तो तास माझ्याकडे राहू द्या." एदमे तिच्याकडे बघत होती. तिला कोपऱ्यातली लाकडाची बाहुली आठवली असेल, नसेल. तिने आईची कंबर धरली.

मोस्यूंनी वहीकडे बोट केलं. मग म्हणाले, "बेनिञ, वाच."

बेनिञने वही उघडली. पान सापडायला वेळ लागला नाही, तिथे जुनी खूण होती. त्याने एकसुरी आवाजात वाचलं, "सातवा गोळा. दोन वाजून सहा मिनिटांनी बाईने सारखं म्हटलं. ते हिशेबात घेतलेलं नाही. दाराबाहेरची हाक आम्हीही ऐकली. त्यानंतर गोळा मी स्वतः धरला. माझा हात जाड आणि वाईट आहे, म्हणून दर पाव तासाने बर्फाच्या पाण्यात घालून ताजा केला. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाल्यावर पाच मिनिटांनी: सारखं. व्हेर्नुआ."

"चार तास बसलो," मोस्यू पांघरुणातून म्हणाले. "त्या थंडीत. सांध्यांनी मला पुढे महिनाभर शिव्या दिल्या. आकडा माझा आहे, बाई, तुझा नाही. तुझं खोटं पुस्तकात कधी गेलंच नाही. तुला वाटलं, मला गार आणि उबदार कळत नाही? मी फक्त एका आईला खोलीबाहेर जाऊ दिलं." त्यांना खोकला आला. "तुझा तास मी कसा परत घेणार? तो माझा नव्हताच."

फिलिबेर्तने मेजावरच्या गोळ्यांकडे पाहिलं. सातवा गोळा त्याच दिवशी, घंटेनंतर पाच मिनिटांनी, या माणसाच्या हातात रीतसर निवला होता. त्याची ऊब पुरती संपली होती. उरली नव्हती. मग गेले बारा दिवस तिच्या उजव्या हाताशी येऊन बसते ती ऊब कुणाची?

तिला उत्तर कळलं. माणसाला आपल्या घरातलं पाऊल ओळखता येतं, तसं कळलं. शेकोटी कडकडली. एदमेचा हात तिच्या कमरेवर होता, आणि दुसरं कुणीतरी, त्याच्याहून खाली, तिच्या उजव्या हाताचं एक बोट धरून होतं.

"मग बोलावलं कशाला मला?" तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच दुरून आला.

मोस्यूंनी पांघरुणातून हात काढला. तो गोळ्यांकडे केला. "पान उघडं ठेवलंय ते यासाठी. माझ्या जाड्या हाताने मी शेवट सांगितला. पुस्तक छापायच्या आत तुझ्या हाताने एकदा पाहायचं होतं. बारा वर्षं तळघरात आहेत दोघं, कुणी शिवलेलं नाही. आज सकाळी वर आणले. दोन्ही शेकोटीपासून सारख्याच अंतरावर आहेत. तुला हसू येईल. पण रात्री पडल्यापडल्या मला वाटतं, समजा माझं चुकलं असेल? समजा सगळंच इतक्या लवकर निवत नसेल?" त्यांचे ओठ निळे पडले होते. "मला फार थंडी वाजते, फिलिबेर्त. धर बघू."

ती बसली. डावा तळवा तिने जुळ्यावर ठेवला. लोखंड गार होतं, तळघराएवढं, बारा वर्षांएवढं गार. मग तिने उजवा तळवा सातव्या गोळ्यावर ठेवला आणि डोळे मिटले. लेकराचं डोकं जिथे तळव्यात धरतात ती मागची जागा असते, तिथे तिची बोटं आपोआप गेली. बेनिञने टाक शाईत बुडवल्याचा आवाज आला. लोलक नव्हता, तरी काहीतरी मोजत होतं. बाहेर रस्त्यावरून गाडी गेली. उंबऱ्यात आहे का? तिने विचारलं, ओठ न हलवता. तो शब्द दातांमागे येऊन बसला, जड, लोखंडाचा, बारा वर्षांचा. बोलला असता तर सगळं सुटलं असतं. पात्रातलं पाणी गार झालं असतं, कात्री गार झाली असती, बायका वाट सोडायच्या थांबल्या असत्या. हे तिला पक्कं कळत होतं.

"सारखं?" मोस्यूंनी विचारलं.

"नाही," फिलिबेर्त म्हणाली. "अजून नाही."

एदमेने पुढे होऊन हळूच एक बोट गोळ्याला लावलं आणि चटकन मागे घेतलं. तिला काय लागलं, गार की उबदार, ते तिने पुढे म्हातारपणीही कुणाला सांगितलं नाही. विचारलं की हसायची.

मोस्यूंनी डोळे मिटले. चेहऱ्यावरचा आखडलेपणा थोडा सैल झाला. "लिही, बेनिञ," ते म्हणाले. "बाईचा हात म्हणतो: अजून नाही." टाकाची कुरकुर झाली. मग त्यांनी आपला पंजा पांघरुणावरून तिच्याकडे सरकवला, काही न मागता, नुसता सरकवला. तिने सातव्या गोळ्यावरचा हात काढून त्यांच्या पंजावर ठेवला, आणि दुपार उतरेपर्यंत तो तिथेच ठेवला.

पुस्तक छापलं गेलं नाही. भावाने कागद कुठे टाकले, माहीत नाही. गोळे भंगारात गेले असतील, त्यांच्या कुणीतरी कढया केल्या असतील. फिलिबेर्त पुष्कळ जगली. देवळात शिरताना पात्रात हात बुडवायची आणि तो जरा जास्तच वेळ आत ठेवायची, इतकंच. चंद्र निघाला की मात्र खिडकीचा पडदा ती ओढेनाशी झाली. आता माझं मागणं. पुढच्या वेळी गारठ्यात कुठल्या दगडाला, कडीला, पाण्याला तुमचा हात लागला आणि तो क्षणभर उगाच कोमट वाटला, तर दचकू नका, आणि हात लगेच काढूनही घेऊ नका. चौदा महिन्यांची होती. निसेत तिचं नाव. तेवढं मनात म्हणा.